मुखपृष्ठावरची उडी

दृश्य: काळा पडदा. खडबडीत फुटपाथवरून चाकांचा खरखराट. आवाज एकदम तुटतो. पडद्यावर एक स्केटर, हवेत थांबलेला.

निवेदन:
हा स्केटर खाली उतरला का? छायाचित्राकडे कितीही वेळ पाहिलं तरी कळत नाही. बोर्ड पायाखाली आहे, गुडघे वाकलेले आहेत, नजर खाली आहे. पण त्यानंतरच्या पाव सेकंदात काय झालं, ते कागदावर नाही.

म्हणून स्केटबोर्डिंगच्या मासिकांत एक अलिखित नियम रुजला. मुखपृष्ठावर छापायची उडी पुरी झालेली हवी. दोन्ही पाय बोर्डवर, चारही चाकं जमिनीवर, आणि स्केटर हात न टेकता पुढे निघून गेलेला. अमेरिकेतले स्केटर याला ‘मेक’ म्हणतात. ‘मेक’ नसेल तर छायाचित्र कितीही देखणं असो, ते कव्हरवर जात नाही. चुकून गेलंच आणि नंतर कळलं, की उडी उतरलीच नव्हती, तर स्केटर, छायाचित्रकार आणि मासिक अशा तिघांची पत जाते.

दृश्य: १९६५ सालच्या मासिकाचं मुखपृष्ठ. बोर्डवर हात टेकून उलटी उभी राहिलेली तरुणी.

निवेदन:
स्केटबोर्ड घराघरांत पोचला तो मात्र स्केटबोर्डिंगच्या मासिकातून नव्हे. १४ मे १९६५ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅटी मॅगी होती. वय १९. दोन्ही हात बोर्डवर, पाय आकाशाकडे, आणि बोर्ड चालता. छायाचित्र बिल एप्रिज यांचं. आतला सूर मात्र काळजीचा होता: हे वेड आहे आणि धोकाही आहे. तो धोका खराही होता. त्या काळची चाकं भाजलेल्या मातीसारख्या कडक मिश्रणाची किंवा धातूची असत. वाटाण्याएवढा खडा आला तरी चाक जागच्या जागी अडायचं, आणि वरचा माणूस त्याच वेगाने पुढे फेकला जायचा. त्याच वर्षी अनेक शहरांनी रस्त्यावर स्केटबोर्ड चालवायला बंदी घातली.

स्केटरांचं स्वतःचं मासिक तोवर निघालं होतं. ‘द क्वार्टर्ली स्केटबोर्डर’, १९६४. काढणारे जॉन सेव्हरसन, म्हणजे सर्फिंगचं मासिक काढणारेच. चार अंक निघाले आणि १९६५ मध्येच बंद पडलं. त्या अंकांत बोर्डकडे समुद्राच्या लाटेच्या नजरेनं पाहिलेलं दिसतं: अनवाणी पाय, उतरता रस्ता, लाटेवर तोलावं तसं तोललेलं अंग.

दृश्य: पोहण्याचा रिकामा तलाव. निळ्या फरशीची किनार. चाक त्या फरशीवर घासतं.

निवेदन:
पुढची दहा वर्षं जवळजवळ कोरडी गेली. मग चाक बदललं. फ्रँक नॅसवर्दी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेनची चाकं बाजारात आणली. युरेथेन किंचित दबतं, त्यामुळे खड्यावरून निघून जातं आणि काँक्रीटला धरून राहतं. पकड आली तशी भिंतीवर चढता येऊ लागलं. १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, बंगल्यांमागचे तलाव कोरडे पडले, आणि गोलसर बुडाच्या त्या तलावांत मुलं उतरली.

‘स्केटबोर्डर’ १९७५ मध्ये पुन्हा सुरू झालं. संपादक आणि मुख्य छायाचित्रकार वॉरन बोल्स्टर. आज ज्याला आपण ‘स्केटचा फोटो’ म्हणून ओळखतो, त्याची बरीचशी भाषा या माणसाच्या कॅमेऱ्यातून आली: फिशआय लेन्स (खूप रुंद भाग एका चौकटीत घेणारी, कडा वाकवणारी), मोटरने एकामागून एक ओढलेल्या चौकटी, आणि उन्हातही उडवलेला फ्लॅश. तलावाच्या तळाशी उभं राहून वर पाहिलं तर स्केटर आभाळावर दिसतो. तलावाच्या काठावर पालथं पडून पाहिलं तर चाक थेट नाकाशी येतं. काठाचा जो दगड असतो, ज्याला स्केटर ‘कोपिंग’ म्हणतात, तो चौकटीत असलाच पाहिजे. कोपिंग कापलं तर स्केटर भिंतीच्या किती वर गेला हे वाचकाला मोजता येत नाही. हा धडा त्या काळात शिकला गेला, तो आजही लागू आहे.

१९७० चं दशक संपता संपता विम्याच्या हप्त्यांनी स्केटपार्क बंद पडले. जाहिराती गेल्या. १९८० मध्ये ‘स्केटबोर्डर’ने नाव बदलून इतर खेळही आत घेतले, आणि थोड्याच काळात तेही थांबलं.

दृश्य: स्वस्त, पिवळसर कागद. तिरक्या, जाड अक्षरांतलं नाव.

निवेदन:
जानेवारी १९८१, सॅन फ्रान्सिस्को. ‘थ्रॅशर’चा पहिला अंक. मागे तिघं होते: फॉस्टो व्हिटेलो, एरिक स्वेन्सन आणि केव्हिन थॅचर. व्हिटेलो आणि स्वेन्सन यांचा धंदा ‘इंडिपेंडंट’ नावाचे ट्रक बनवण्याचा. ट्रक म्हणजे बोर्डखालचा तो धातूचा सांधा, ज्यात आस बसते आणि अंग झुकवलं की बोर्ड वळतो. ट्रक विकायचे तर स्केटर हवेत, आणि विखुरलेले स्केटर एकत्र बांधायचे तर मासिक हवं, इतका साधा हिशेब होता. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर छायाचित्र नव्हतंच. केव्हिन थॅचर यांनी काढलेलं चित्र होतं.

नावाच्या अक्षरांकडे थोडं थांबून पाहा. हा टाइप ‘बांको’. फ्रान्समध्ये रॉजे एक्सकोफाँ यांनी तो १९५१ मध्ये घडवला, आणि पुढे तो दुकानांच्या पाट्यांवर भरपूर दिसला. त्यात फक्त मोठी अक्षरं आहेत, आणि प्रत्येक उभी रेघ खाली निमुळती होत जाते, पत्र्याची पट्टी कापल्यासारखी. स्केटबोर्डसाठी तो कुणी घडवला नव्हता. पण मुखपृष्ठाच्या दृष्टीनं तो फार सोयीचा आहे: अक्षरं इतकी जाड, की स्केटरचं डोकं आणि एक हात मधल्या दोन अक्षरांवर आला तरी नाव वाचता येतं.

सुरुवातीचा कागद वर्तमानपत्राचा. हा कागद शाई पितो, ठिपके पसरतात, गडद भाग एकमेकांत मिसळतात. चकचकीत कागदावर इंचाला ठिपक्यांच्या १५० ओळींची जाळी सहज चालते, वर्तमानपत्री कागदावर ८५ च्या पुढे गेलं की चिखल होतो. त्यामुळे तिथं टिकेल असंच छायाचित्र निवडावं लागे: उजळ आभाळ, त्यावर गडद आकृती, मधे फारसं काही नाही. त्या अंकांचा जो रांगडा चेहरा लोकांना अजून आवडतो, त्यात कागदाचा वाटा मोठा आहे.

दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, दुसरा गट उभा राहिला. ‘ट्रान्सवर्ल्ड स्केटबोर्डिंग’, दक्षिण कॅलिफोर्नियातून. लॅरी बाल्मा आणि पेगी कझन्स. बाल्मा यांचाही धंदा ट्रकचाच, ‘ट्रॅकर’. थ्रॅशरची हाक होती ‘स्केट करा आणि मोडा’. कझन्स यांनी उत्तर दिलं, ‘स्केट करा आणि घडवा’. कागद चकचकीत, रंग स्वच्छ. ट्रक बनवणाऱ्या दोन कारखान्यांच्या चुरशीतून पुढच्या तीन दशकांतली स्केटची छायाचित्रकला वाढली, ही या इतिहासातली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

दृश्य: एक मुलगा. एक पाय बोर्डवर, दुसरा जमिनीवर. जमिनीवर लांब सावली.

निवेदन:
१९८७. ट्रान्सवर्ल्डच्या एका मुखपृष्ठावर टॉड स्वँक. छायाचित्र ग्रँट ब्रिटन यांचं. यात उडी नाही, रॅम्प नाही, कठडा नाही. मुलगा फक्त पायानं बोर्डला रेटा देतोय. स्केटबोर्ड शिकणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी हेच करतो. त्या काळात कव्हर म्हणजे रॅम्पच्या वर सहा फूट हवेत गेलेला माणूस, अशी सवय झालेली होती. असल्या साध्या हालचालीला कव्हर कसं देता, असं वाटणारे तेव्हाही होते. पण मासिकाची मांडणी तेव्हा डेव्हिड कार्सन पाहत होते, आणि मोकळी जागा ठेवायची हिंमत त्यांच्यात होती. रॅम्प मोजक्यांच्या अंगणात असतो, रस्ता सगळ्यांच्या दारात असतो. ते कव्हर आलं तेव्हा खेळ रस्त्यावर उतरत होता, आणि आज स्केटरांना एक कव्हर निवडायला सांगितलं तर कितीतरी जण हेच काढून दाखवतात.

रस्त्यावर उतरणं शक्य झालं ते ऑलीमुळे. फ्लोरिडाच्या ॲलन गेलफंडने १९७० च्या दशकाच्या शेवटी तलावाच्या भिंतीवर हात न लावता बोर्ड हवेत नेला. रॉडनी मलनने तो काही वर्षांत सपाट जमिनीवर आणला. मागची शेपूट पायानं जमिनीवर आपटायची. बोर्डचं नाक वर येतं. पुढचा पाय ग्रिपटेपवरून, म्हणजे बोर्डवर चिकटवलेल्या खरखरीत पट्टीवरून, घासत पुढे न्यायचा, म्हणजे मागची बाजू उचलली जाते आणि बोर्ड हवेत सपाट होतो. एकदा हे जमलं की बाक, पायऱ्या, कठडे, सगळं शहर खुलं. थ्रॅशरच्या सप्टेंबर १९८४ च्या कव्हरवर नेटस काउपस भिंतीवर चढलेला दिसतो, आणि नोव्हेंबरमध्ये सोळा वर्षांचा मार्क गोन्झालेस.

दृश्य: पायऱ्यांच्या पायथ्याशी छायाचित्रकार. दोन स्टँड, दोन फ्लॅश. हातात फिशआय.

निवेदन:
आता कव्हर कसं घेतात ते पाहू. १९९० च्या दशकातली पद्धत धरू, कारण पाया तोच आहे.

आधी जागा तयार करावी लागते. झाडू, आणि तो लांब दांड्याचा. धावेची सगळी वाट आणि उतरण्याची जागा झाडायची. फुटपाथच्या दोन लाद्यांमधली भेग चाक पकडते. ५२ मिलिमीटर व्यासाच्या चाकाला बोटभर रुंदीची भेगही पुरते. ती गाड्यांचे पोचे बुजवायच्या पुटीनं भरतात. पुटीत हार्डनर जास्त पडला तर ती हातातच घट्ट होते, कमी पडला तर चाकाखाली दबून निघते. नीट घट्ट व्हायला पाव तास ते वीस मिनिटं, मग पॉलिशपेपर. धाव खडबडीत असेल तर प्लायवूड टाकतात, आणि त्याचा सांधा हलू नये म्हणून टेप. कडेवर घासत जायचं असेल तर मेण. मेण जास्त झालं की बोर्ड अपेक्षेपेक्षा जोरात पुढे निसटतो आणि माणूस पाठीवर पडतो. बहुतेक जागा खासगी असतात. पहारेकरी येण्याआधी जेमतेम अर्धा तास मिळेल, असं धरूनच सगळी मांडणी करायची.

मग प्रकाश. इथं गणित आहे, आणि ते टाळता येत नाही. फिल्म १०० आयएसओ (फिल्म प्रकाशाला किती चटकन दाद देते, तो आकडा), भर ऊन. शटर सेकंदाचा २५०वा भाग ठेवलं तर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं भोक, येतं एफ ११; आकडा मोठा तितकं भोक लहान. फ्लॅश वापरायचा तर साध्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यात शटर याहून वेगवान नेता येत नाही. पडदा-शटरचा दुसरा पडदा पहिला पूर्ण उघडायच्या आतच निघतो, आणि चौकटीच्या एका कडेला काळा पट्टा येतो. आता फ्लॅश. स्केट छायाचित्रकारांच्या पिशवीत हमखास सापडणारा व्हिव्हिटार २८५: त्याचा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, फुटांत १२०. म्हणजे १२० ला ११ ने भागा: फ्लॅश स्केटरपासून साधारण ११ फुटांवर असेल तेव्हाच तो उन्हाच्या बरोबरीला येतो. आभाळ एक स्टॉप गडद करायचं, म्हणजे त्याचा प्रकाश निम्मा करायचा, तर एफ १६, आणि फ्लॅश साडेसात फुटांवर. इतक्या जवळ तो चौकटीत दिसतो किंवा बोर्डचा मार खातो.

म्हणूनच जाणते लोक हॅसलब्लाड कॅमेऱ्याकडे गेले. त्यात शटर लेन्समध्येच असतं आणि फ्लॅश सेकंदाच्या ५००व्या भागालाही जुळतो. त्याच उन्हात ॲपर्चर एफ ८ होतं, आणि तोच फ्लॅश १५ फुटांवरून पुरतो. चार फुटांची ती सवलत म्हणजे स्टँड चौकटीबाहेर. शिवाय स्केटर सेकंदाला ५ मीटर वेगानं जात असेल, तर २५०व्या भागात तो २ सेंटिमीटर सरकतो, ५००व्या भागात १. मागचं आभाळ उजळ असेल तेव्हा या फरकामुळे अंगाभोवती पडणारी काळी पुसट झालर निम्म्याने कमी होते.

दोन फ्लॅश लावतात. एक पुढून बाजूला, एक मागून, म्हणजे खांद्याला आणि बोर्डच्या कडेला प्रकाशाची रेघ मिळते. स्केटर जिथं उतरणार तिकडे पाहताना फ्लॅश त्याच्या डोळ्यांत उडता कामा नये. ही चूक नवशिके फार करतात. पंधरा पायऱ्यांवरून उतरणाऱ्या माणसाला अर्धा सेकंद आंधळं करणं म्हणजे त्याचा घोटा मोडायला निमंत्रण. आणि प्रत्येक उडीनंतर फ्लॅश पूर्ण भरला का ते पाहायचं. पूर्ण ताकदीवर सेलवर चालणाऱ्या फ्लॅशला दहा सेकंद सहज लागतात, सेल उतरत आले की जास्त. स्केटर घाईत परत धावला आणि तीच उडी बसली, तर हाती येते एक काळी चौकट.

लेन्स कोणती, हा प्रश्न प्रामाणिकपणाचाही आहे. १५ मिलिमीटरची फिशआय दोन-तीन फुटांवरून धरतात. जवळचं प्रचंड मोठं होतं, लांबचं पळून जातं. त्यामुळे चार पायऱ्याही दरीसारख्या दिसू शकतात. लेन्स जमिनीलगत आणि वर वळवून धरली तर दोन फुटांची उडी छतापर्यंत गेल्यासारखी वाटते. तलाव आणि रॅम्प यांच्यासाठी फिशआय उत्तम, कारण गोल भिंत गोलच दिसते. पायऱ्यांसाठी लांबून, बाजूनं घेतलेलं छायाचित्र जास्त खरं बोलतं: कुठून उडाला, किती पायऱ्या, कुठे उतरणार, हे तिन्ही एका चौकटीत. वाचक पायऱ्या मोजतात. एक पायरी चौकटीबाहेर राहिली तर तेवढ्यावरून वाद होतात.

क्षण कुठला पकडायचा, हेही खेळ येणाऱ्यालाच कळतं. ऑलीत उंचीचा शेवटचा बिंदू, बोर्ड सपाट, दोन्ही पाय चिकटलेले. किकफ्लिपमध्ये बोर्ड स्वतःभोवती एक फेरी घेतो. तो उलटा असताना पकडलं तर स्केटर त्याच्यावरून नुसता उडी मारतोय असं दिसतं, आणि पूर्ण फिरल्यावर पकडलं तर तो साध्या ऑलीसारखा दिसतो. फेरी पुरी होत आलेली, ग्रिपटेप वर आलेली आणि पाय नुकते बोर्डला लागत असलेले, एवढीच ती फट. कठड्यावर घासताना पहिला एक-तृतीयांश भाग उलटल्यानंतर, म्हणजे मागचा पार केलेला कठडा आणि पुढचा बाकीचा, दोन्ही दिसतात. बटण उशिरा दाबलं की हात हवेत गरगरलेले येतात. अशी चौकट संपादक बाजूला टाकतात. ‘मेक’ असली तरी ती पडल्यासारखी दिसते.

रंगीत कव्हरसाठी स्लाइड फिल्म लागे, म्हणजे जिच्यावर थेट खऱ्या रंगांतलं चित्र उमटतं ती, आणि स्लाइड अर्ध्या स्टॉपची चूकही माफ करत नाही. निगेटिव्हमध्ये ती छापताना सावरता येते, स्लाइडमध्ये पांढरा शर्ट जळाला तो जळालाच. शिवाय धुऊन येईपर्यंत काय मिळालं ते कळायचं नाही. तेवढ्यात स्केटरचा पाय प्लास्टरमध्ये गेलेला असू शके.

दृश्य: कव्हरचा कच्चा आराखडा. वर नाव, खाली कोपऱ्यात बारकोडचा चौकोन.

निवेदन:
मांडणीच्या टेबलावरही चांगली छायाचित्रं बाद होतात. कव्हर उभं असतं, उडी बहुधा आडवी असते. वरची जवळपास पाव जागा नावाला, खाली बारकोड, आणि चारही बाजूंनी कापण्यासाठी ३ मिलिमीटर जादा. हे सोडून उरलेल्या भागात उडीची सुरुवात आणि शेवट दोन्ही बसले पाहिजेत. छायाचित्रकारानं तिथंच, घेताना, कॅमेरा उभा धरून वर मोकळी जागा सोडली नसेल तर पुढे काहीच करता येत नाही.

डिजिटल कॅमेरे आले तरी काही वर्षं कव्हर फिल्मवरच राहिलं, त्याचंही कारण आकड्यांत आहे. साडेआठ बाय अकरा इंचाचं कव्हर इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचं तर २५५० गुणिले ३३००, म्हणजे ८४ लाख पिक्सेल. १९९९ चा निकॉन डी-१ देत होता २७ लाख. २००४ च्या सुमाराला भराभर चौकटी ओढणारे व्यावसायिक कॅमेरेही ८० लाखांपर्यंत पोचले, आणि मग फिल्मची पेटी हळूहळू घरी राहू लागली.

दृश्य: थ्रॅशरच्या मुखपृष्ठांची भिंत. कॅमेरा संथपणे सरकतो, तीन ठिकाणी थांबतो.

निवेदन:
या भिंतीकडे पाहताना एक गोष्ट खुपते. ऑगस्ट १९८९, कारा-बेथ बर्नसाइड. एप्रिल १९९४, जेमी रेयेस. मे २०१७, लिझी अर्मांटो. पहिल्या छत्तीस वर्षांत थ्रॅशरच्या कव्हरवर आलेल्या स्त्रिया एवढ्याच. दुसरी आणि तिसरी यांच्यात तेवीस वर्षं. या तेवीस वर्षांत मुली स्केट करत नव्हत्या असं अजिबात नाही. बर्नसाइड स्वतः स्पर्धा जिंकत होत्या. कव्हर मिळालं की प्रायोजक कंपनी स्केटरला ठरलेली रक्कम देते, बोर्डवरचा स्टिकर नीट दिसला तर हमखास. म्हणजे कव्हर न मिळणं हा मानापुरता प्रश्न नव्हता. त्यातून महिन्याचं भाडं हातचं जात होतं. ज्या खेळाची पहिली गाजलेली मुखपृष्ठ-प्रतिमा पॅटी मॅगीची, त्या खेळाच्या मासिकात हे व्हावं, याचं वाईट वाटतं.

दृश्य: भुयारी रेल्वेचा फलाट. रुळ. पलीकडे दुसरा फलाट.

निवेदन:
ट्रान्सवर्ल्डची छापील आवृत्ती २०१९ मध्ये थांबली. त्याच वर्षी मार्चमध्ये थ्रॅशरचे संपादक जेक फेल्प्स गेले. १९९३ पासून अंक त्यांच्या हातातून निघत होता. थ्रॅशर छापणं चालू राहिलं. पण अंक छापून दुकानात पोचायला आठवडे लागतात, आणि फोनवरची चित्रफीत मिनिटात जगभर जाते. म्हणून आता कव्हरची उडी झाली की तिथं असलेल्या प्रत्येकाला सांगावं लागतं, की अंक येईपर्यंत काही टाकू नका. चित्रीकरण मात्र होतंच. ‘मेक’ची खातरजमा आता तेच करतं.

न्यूयॉर्क, १४५ वा रस्ता, भुयारी रेल्वेचं स्थानक. २०२२ च्या शेवटी टायशॉन जोन्स या फलाटावरून त्या फलाटावर गेला, मधल्या रुळांवरून, बोर्डला किकफ्लिपची फेरी देत. थ्रॅशरच्या मुखपृष्ठावर आलेलं ते छायाचित्र अटीबा जेफरसन यांचं. रुळांवरून साधी ऑली आधी झालेली होती. फलाटाची रुंदी मोजकी, त्यामुळे वेग घ्यायला वाट थोडी. कमी पडलं तर खाली रुळ. पुढची गाडी कधी येणार हे वर लटकलेल्या पाटीवर पाहत राहायचं आणि मधल्या वेळात प्रयत्न करायचे.

त्या मुखपृष्ठाला मजकुराची गरजच नाही. इथून उडाला, तिथं जातोय, मधे रुळ आहेत.

दृश्य: तोच फलाट. चाकांचा खरखराट, एक ‘टक्’, क्षणभर शांतता, आणि पलीकडे पुन्हा चाकांचा आवाज.